एक जूनचा मुलगा

(डँडेनॉन्ग, मेलबर्न. फेब्रुवारी १९८५, शनिवारची दुपार. ऑस्वाल्ड आणि ज्युलियानाचं स्वयंपाकघर. मागच्या अंगणातून, कुंपणावर चेंडू आपटल्याचा आवाज येत राहतो.)

फॅबियन: ...म्हणून म्हटलं, फोनवर नको, स्वतः जाऊन सांगतो. वहिनी, चहा राहू द्या. बसा तुम्ही.

ज्युलियाना: चहा ठेवलाय. तुम्ही सांगा. त्या अमेरिकनने माझ्या डेन्झिलला घेतलं की नाही?

फॅबियन: नाही घेतलं.

ऑस्वाल्ड: सरळ नाही? की अजून विचार चाललाय?

फॅबियन: सरळ नाही, ऑस्वाल्ड.

ऑस्वाल्ड: पण ड्राफ्ट जूनमध्ये आहे ना? तूच म्हणाला होतास. अजून चार महिने आहेत.

फॅबियन: तो तिकडच्या पोरांसाठी, मेट. जूनमध्ये बेसबॉलचे सगळे क्लब ओळीने बसतात आणि अमेरिकेतली शाळा-कॉलेजची पोरं वाटून घेतात. बाहेरच्या देशातल्या पोरांची यादी मिस्टर हॉलंडला, म्हणजे ह्या अमेरिकनला, त्याच्या आधी द्यायची असते. ऑस्ट्रेलियातून दोन नावं. दोन्ही त्याने काल रात्रीच लिहिली. आज सातच्या फ्लाइटने चाललाय.

ज्युलियाना: तुम्हीच म्हणाला होता, असा हात आजवर पाहिला नाही.

फॅबियन: अजूनही म्हणतो. सहा वर्षं झाली, आठवडाभर फॅक्टरीत शिफ्ट करायची आणि शनिवारी ह्या अमेरिकन क्लबसाठी मैदानं हिंडायची. कोण किती जोरात फेकतो, कोण किती पळतो, सगळं कार्डावर उतरवायचं. ह्या सगळ्यातून मला काय मिळालं? क्लबची एक टोपी. आणि डेन्झिल. त्याच्यासारखा चेंडू सोडणारा पोरगा एकच सापडला मला. बरं वाटत नाही हो मला, वहिनी. पहाटे चारपासून जागा आहे.

ऑस्वाल्ड: कार्ड आणलंयस?

फॅबियन: कशाला बघतोस?

ऑस्वाल्ड: वाच. ज्यावरून माझ्या मुलाला नको म्हटलं, ते मला ऐकायचंय.

फॅबियन: बरं. उंची पाच अकरा. वजन चौसष्ट किलो. चेंडूचा वेग ताशी एक्याऐंशी मैल. हात मोकळा, खांद्यावर ताण नाही. डोकं शांत. वय सतरा वर्षं आठ महिने. इथपर्यंत माझं. खाली हॉलंडने लिहिलंय, वयाच्या मानाने वेग कमी, वाढ संपत आली, नको.

ज्युलियाना: वाढ संपत आली?

फॅबियन: आणि निवडलेल्या दोघांपैकी एक तो फ्रँकस्टनचा लाल केसांचा. त्याचा वेग एकोणऐंशी.

ज्युलियाना: म्हणजे डेन्झिलपेक्षा दोन मैल कमी! मग त्याला कसं घेतलं?

फॅबियन: तो सोळाचा आहे, वहिनी. पोरगा आज काय फेकतो ते कोणी बघत नाही. तीन वर्षांनी काय फेकेल, ते बघतात. सोळाव्या वर्षी एक्याऐंशी म्हणजे सोनं. पावणेअठराव्या वर्षी एक्याऐंशी म्हणजे रविवारी क्लबमधून खेळायला चांगला. डेन्झिल सोळाचा असता ना, तर मी हॉलंडच्या गाडीपुढे आडवा पडलो असतो. नेल्याशिवाय हलू दिलं नसतं त्याला.

ज्युलियाना: अहो. ऐकलंत?

ऑस्वाल्ड: ऐकलं.

ज्युलियाना: मग सांगा त्यांना.

ऑस्वाल्ड: चहा उतू जाईल, बघ.

ज्युलियाना: गॅस बंद केलाय मी. तुम्ही सांगताय की मी सांगू?

ऑस्वाल्ड: ज्युलियाना, हा विषय आपण कुणासमोर काढत नाही.

ज्युलियाना: आज काढायचाय. फॅबियन, माझा डेन्झिल सोळाचा आहे. नऊ नोव्हेंबर एकोणीसशे अडुसष्ट. माझ्या पोटचा आहे, मला विचारा त्याचं वय. त्या कार्डाला काय विचारता?

फॅबियन: अहो, पण पासपोर्टवर एक जून सदुसष्ट आहे. मी स्वतः फॉर्म टाइप केला. एक जून... थांबा. एक जून! अरे देवा.

ऑस्वाल्ड: हं.

फॅबियन: माझा सख्खा भाऊ एक जूनचा आहे! आमची निम्मी शाळा एक जूनला जन्मलेली. हेडमास्तर त्या दिवशी सगळ्यांना एकदम हॅपी बर्थडे म्हणायचे. ती तारीख माझ्या डोळ्यांखालून गेली आणि मला कळलं नाही? इतकं कसं विसरलो मी?

ऑस्वाल्ड: तुझी काय चूक? तारीख मी दिली.

फॅबियन: पण का, मेट? सतरा महिन्यांनी मोठा कशासाठी केलास त्याला?

ऑस्वाल्ड: माझी आई त्याच वर्षी गेली होती. मी दिवसभर डॉकयार्डात, हिची हॉस्पिटलात ड्युटी. त्याला सांभाळायला घरात माणूस नाही. शाळा घरासमोर. साडेचारचा होता तो. शाळेत म्हणाले, पहिलीत घ्यायला सहा पूर्ण पाहिजेत. खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, सदुसष्ट लिहा. एक जून त्याने आपल्या मनाने टाकलं. रांगेत माझ्यामागे दहा जण उभे होते. दोन मिनिटांत झालं सगळं.

ज्युलियाना: मी तेव्हाच म्हटलं होतं, असं नको.

ऑस्वाल्ड: म्हटलं होतंस. मला वाटलं, लवकर शिकेल, लवकर पायावर उभा राहील, त्यात नुकसान काय? मग शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट झाला. पासपोर्टवरून इथले कागद. तीच तारीख पुढे चालत आली. थांबवायची कुठे?

फॅबियन: पण खरा पुरावा आहे का काही? एखादा कागद?

ज्युलियाना: बाप्तिस्म्याचा दाखला आहे. वसईच्या चर्चचा, फादरच्या सही-शिक्क्याचा. डिसेंबर अडुसष्ट. कपाटात, माझ्या लग्नाच्या साडीच्या घडीत आहे. आणते.

ऑस्वाल्ड: बस खाली. आधी माझं ऐक. नागरिकत्व घेताना मी बायबलवर हात ठेवलाय. सगळी माहिती खरी आहे म्हणून सही केलीय. सरकारी ऑफिसात नकाशे काढतो मी. माझ्या भावाचे कागद इमिग्रेशनमध्ये पडलेत, चार माणसं तिकडे घर विकून बसलीत. एका कागदात खोटं सापडलं की सगळे कागद उघडतात. तुला कळतंय का हे?

ज्युलियाना: कळतंय. नऊ वर्षं तेच कळतंय मला. आणि ह्या नऊ वर्षांत माझा मुलगा प्रत्येक वर्गात, प्रत्येक टीममध्ये दीड-दीड वर्षाने मोठ्या पोरांमध्ये खेळला. सगळ्यांत लहानखुरा. त्यांनी ढकललं, हसले, बाकावर बसवला. घरी येऊन एक शब्द बोलला नाही. त्या कुंपणावर खडूने चौकोन काढला आणि रोज शंभर वेळा फेकत बसला. त्या मोठ्या पोरांच्या तोडीचं फेकायला लागला. आणि आता तो माणूस म्हणतो, वाढ संपत आली!

ऑस्वाल्ड: ज्युली, रडू नकोस.

ज्युलियाना: मला रडू द्या. त्याच्यासाठी ह्या घरात कोणीतरी रडलं पाहिजे.

फॅबियन: ऑस्वाल्ड, सव्वाचार वाजलेत. हॉलंड पाचला मोटेलमधून निघेल. मी फोन करू शकतो. पण तू हो म्हटल्याशिवाय करणार नाही.

ऑस्वाल्ड: ...हा आवाज ऐकतोयस? रोज ऑफिसातून आलो की मी पेपर घेऊन बसतो आणि हा आवाज ऐकतो. मनात मोजतो. चुकला की कळतं मला, कुंपणाचा आवाज वेगळा येतो. हल्ली चुकतच नाही. कर फोन, फॅबियन. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

ज्युलियाना: दाखला आणते मी.

फॅबियन: हॅलो? रूम नाइन, प्लीज... मिस्टर हॉलंड, फॅबियन हिअर. सर, त्या डेन्झिलबद्दल... येस सर, द स्किनी किड. सर, त्याची डेट ऑफ बर्थ चुकलीय. ही इज सिक्स्टीन... नो सर, नॉट ओल्डर. यंगर... सेव्हन्टीन मंथ्स यंगर... येस, चर्चचा पेपर आहे, माझ्या हातात आहे... येस. आय नो. आय नो हाऊ इट साउंड्स, सर... नो, मला कोणी काही दिलेलं नाही... सर, आमच्याकडे शाळेत घालताना... नो. प्लीज, फक्त एकदा बघा तरी... येस सर. सेफ फ्लाइट, सर.

ज्युलियाना: काय म्हणाला? फॅबियन, काय म्हणाला तो?

फॅबियन: वहिनी, जरा पाणी द्या.

ऑस्वाल्ड: हसला का?

फॅबियन: हसला असता तर परवडलं असतं. हळू बोलला. मयताच्या घरी बोलतात तसं. म्हणाला, असे चर्चचे कागद माझ्या ड्रॉवरमध्ये ढीगभर पडलेत. नको म्हटलं की दुसऱ्या दिवशी पोरगा लहान होऊन येतो. वय कमी करून आणणारे बाप शेकड्याने पाहिले, म्हणाला. वाढवून ठेवलेला एकही पाहिला नाही. असा कोणी बाप असतो का, म्हणून मलाच विचारलं.

ऑस्वाल्ड: असतो, सांगायचं होतंस. इथे बसलाय.

फॅबियन: मग म्हणाला, फॅबियन, तू तरी असं करशील वाटलं नव्हतं.

ज्युलियाना: पण आपण खरं सांगितलं! आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं.

फॅबियन: हो ना.

ज्युलियाना: मग पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी तो अजून वाढेल, अजून जोरात फेकेल...

फॅबियन: पुढच्या वर्षी कार्डावर अठरा वर्षं आठ महिने येतील, वहिनी. आणि त्याच्या शेजारी आजची नोंद असेल, की घरच्यांनी वयाचा खोटा कागद पुढे केला. ते कार्ड तो बरोबर घेऊन चाललाय. माझ्याकडे नुसती कॉपी. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही मी.

ऑस्वाल्ड: तुझंही नाव खराब केलं आम्ही.

फॅबियन: माझं सोड. ऑस्वाल्ड, कार्डावर अजून एक ओळ आहे. मघाशी वाचली नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. माझ्याच अक्षरात आहे.

ऑस्वाल्ड: वाच.

फॅबियन: ट्रायल संपल्यावर हॉलंडने त्याला जवळ बोलावलं. सन, हाऊ ओल्ड आर यू? सगळ्यांनाच विचारतो, उगाच बोलतं करायला. डेन्झिल बोलेचना. मान वळवून स्टँडकडे बघत राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, सेव्हन्टीन, सर. मी आपलं लिहून टाकलं, साध्या प्रश्नाला अडखळतो, कॉन्फिडन्स कमी.

ज्युलियाना: कॉन्फिडन्स कमी? माझ्या डेन्झिलचा?

फॅबियन: मला काय माहीत, वहिनी! मी ह्या हाताने लिहिलं ते.

ऑस्वाल्ड: तो माझ्याकडे बघत होता.

ज्युलियाना: आणि तुम्ही?

ऑस्वाल्ड: मी मान हलवली.

ज्युलियाना: अहो...

ऑस्वाल्ड: विमानात बसलो तेव्हा सात वर्षांचा होता. खिडकीजवळ बसवलं आणि कानात सांगितलं, कोणीही विचारलं तरी एक जून सदुसष्टच सांगायचं, नाहीतर ते आपल्याला परत पाठवतील. खरा वाढदिवस फक्त घरात, पडदे ओढून. कधी चुकला नाही. मास्तरांना, डॉक्टरला, मित्रांना, सगळ्यांना तेच. काल तो मला विचारत होता, फॅबियन. त्या मैदानातून मला विचारत होता, डॅड, आज तरी खरं सांगू का? आणि मी मान हलवली, नाही म्हणून.

फॅबियन: मेट...

ऑस्वाल्ड: एवढीशी हलवली. पण त्याला दिसली.

ज्युलियाना: आवाज थांबला. येतोय तो. डोळे पुसा.

डेन्झिल: हाय अंकल फॅबियन! बाहेर तुमची गाडी बघितली. वेल?

फॅबियन: ये, बस. दमलास का?

डेन्झिल: इट्स अ नो, इजन्ट इट?

फॅबियन: हो रे. नाही म्हणाला. मी खूप प्रयत्न केला.

डेन्झिल: ओह. ...नो वरीज. मम, डोन्ट क्राय. इट्स ओके, रिअली. आय'म स्टिल ग्रोइंग. हे बघ, ख्रिसमसला घेतलेले बूट परत टाइट झाले.

ज्युलियाना: हो रे राजा. नवीन घेऊ. सोमवारीच घेऊ.

डेन्झिल: डॅड?

ऑस्वाल्ड: बोल.

डेन्झिल: काल त्याने वय विचारलं, तेव्हा मी जरा थांबलो. सॉरी. पण मी सेव्हन्टीनच म्हटलं. बरोबर म्हटलं ना?

ऑस्वाल्ड: हो, बाळा. बरोबर म्हटलंस.