खिडकीची जागा

विमानाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या वयस्क बाईंनी पतीची बाही घट्ट धरली होती.

"मी नाही येत. लेकीच्या बाळंतपणाला तुम्ही एकटेच जा."

"बाळंतपणात माझा काय उपयोग?"

"मग खरं सांगा. उपग्रहावरच्या रडारची चित्रं बघून समुद्रावरचा वारा कुठे खवळलाय ते शोधण्यात तुमचं आयुष्य गेलं. आज कसा आहे?"

"सकाळच्या चित्रात लांबच लांब पट्टे होते. म्हणजे वारा आडव्या गुंडाळ्यांसारखा गोल फिरत वाहतोय."

"अगंबाई, म्हणजे विमान हलणार."

"रडारला वारा दिसत नाही, त्यानं पाण्यावर पाडलेल्या सुरकुत्या दिसतात. हा पाण्यालगतचा वारा. विमान इतकं खाली आलं, तर काळजीचं कारण वेगळं असेल."

"धीर देण्याची ही कुठली पद्धत?"

"तू खरं सांगा म्हणालीस."

रांग पुढे सरकली.

"बरं, खिडकीशी तू बस."

"का? जन्मभर वरूनच तर समुद्र बघताय."

"खुर्चीत बसून. ती खुर्ची जमिनीवर असते."

"म्हणजे तुम्हालाही भीती वाटते?"

"मला कुणी विचारलं नाही."

बाईंनी बाही सोडली आणि पतीच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"चला. तुम्हाला असं एकटं पाठवलं, तर लेक मला काय म्हणेल?"