बोसा नोव्हातला खुळखुळा

...नाही, वाजवतो बरा, मी कुठे नाही म्हणतोय? पण वीस व्हायोलिनं एकदम वाजतायत, त्यात ह्याचं कुठलं ते ह्याची आई तरी सांगेल का? तरी अख्खं अंबरनाथ काय म्हणतंय, तर "श्यामकांतची कॅसेट आली!" श्यामकांतची!

तुम्हाला सांगतो, आम्ही दोघं एकाच कंपनीत कामाला, एकाच मास्तरांकडे शिकलो, कॉलनीच्या गणपतीत मांडीला मांडी लावून व्हायोलिन वाजवलं. सत्त्याऐंशी साली मुंबईत कुणा जॅझवाल्याला अल्बमसाठी माणसं हवी होती... पुढे पियानो, सॅक्सोफोन, मागे व्हायोलिनांचा ताफा, आणि ताल ब्राझीलचा, बोसा नोव्हा म्हणतात, झोपाळ्यावर बसल्यासारखा. गेलो दोघं. अरेंजरनं दोन मिनिटं ऐकलं नि म्हणाला, "श्यामकांत, तू अंदर बैठ. चिंतामणी... तू जरा ये पकड." काय पकड? खुळखुळा! बोसा नोव्हात लागतो म्हणे! चाळिशीचा माणूस मी, कंपनीत ऑफिसर, आणि दिवसभर आपला छिक-छिक, छिक-छिक!

आता हे घरी कुठल्या तोंडानं सांगणार? बायकोला, सुनंदाला, ठोकून दिलं, मीपण व्हायोलिनच. कॅसेट आली, कव्हरवर बारीक अक्षरात वीस नावं, माझं नाही. "छापायला विसरले असतील हो," म्हणाली बिचारी. आणि मग रोज संध्याकाळी श्यामकांतची कॅसेट! डोळे मिटून ऐकायची, वर मलाच, "अहो, हे श्यामकांतभावजीच ना? काय हात आहे!" अगं, विसांतला एक! जळलो हो मी, लपवायचं काय त्यात? जळून कोळसा झालो!

आणि एके दिवशी कपाळाला आठ्या घालून म्हणते, "पण ह्यात खरखर किती आहे! सारखं आपलं छिक-छिक, छिक-छिक!"

काय सांगू? ती खरखर म्हणजे मी?

तर ही बाई शेअर रिक्षा करून थेट उल्हासनगर, कॅम्प तीन, कॅसेटवाल्या सिंधी शेठकडे! तो म्हणाला, "फिकर मत करो भाभी, एकदम साफ करके देता मैं!" काय बटणं फिरवली देव जाणे, नवी कॉपी काढून दिली. घरी येऊन लावली. पहिली बाजू झाली, दुसरी झाली... एक छिक नाही! चाळीस मिनिटांतून मला धुऊन काढलं!

"आता ऐका," सुनंदा म्हणाली, "श्यामकांतभावजी कसे स्पष्ट येतात!"

आणि तुम्हाला सांगतो... येत होता हो लेकाचा!