देवडेशेठनी न बघता दिलेला प्रोसेसर

टाळ जरा खाली ठेवा मंडळी. आज मी चिडून आलोय, आणि ते लपवणार नाही.

एक सांगा — एखादी गोष्ट न कळणं हे पाप आहे का? नाही. मला मोटार दुरुस्त करता येत नाही, म्हणून देव काही मला दारातून हाकलत नाही. मग पाप सुरू कुठं होतं? ऐका.

बार्शीत मृणाल खंदारे नावाची मुलगी. कॉलेजात शिकते, वडील शिंपी. कॉम्प्युटरवर गेम खेळते — हसू नका! बुवा गेमवर आले म्हणताय ना? तुमचं क्रिकेट चालतं, तिचा गेम का नको? पाच मुलींचा संघ, पहिल्यांदा राज्याच्या स्पर्धेत पोचलेला. पण हिचा कॉम्प्युटर जुना. गेम ऐन लढाईत अडकायचा. मग वर्षभर मेंदी काढून पैसे साठवले, आणि गेली देवडेशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात.

हे देवडेशेठ देवस्थानाचे विश्वस्त. कपाळाला गंध. मृणालनं कागद पुढं केला. "काका, माझा मदरबोर्ड हा आहे. याच्यावर कुठला प्रोसेसर चालेल?"

मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य पाटी आणि प्रोसेसर म्हणजे तिच्यावर बसणारा मेंदू, मंडळी. शेठनी कागदाकडे बघितलं का? नाही! फोनवर बोलता बोलता एक डबी काढली. "हा घे. सगळ्यांवर चालतो."

घरी आल्यावर बघते तर प्रोसेसरच्या कडेच्या खाचा बोर्डाच्या जागेशी जुळेनात. दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन, अख्खा कॉम्प्युटर उचलून दुकानात गेली.

शेठ म्हणाले, "पोरींच्या हाताला जोर नसतो." आणि तोच प्रोसेसर बोर्डावर ठेवून वरचा खटका स्वतः जोरात दाबला. ती म्हणाली, "काका, दाबू नका." तरी दाबला. त्या जागेत केसासारख्या बारीक पिना असतात मंडळी. वाकल्या. आता नवा तर सोडाच, जुना प्रोसेसरही त्यावर चालेना.

शेठ काय म्हणाले असतील? म्हणाले, "पिना तुमच्याकडेच वाकल्या होत्या."

खंदारे गरीब स्वभावाचे. ते हळूच बोलले, "शेठ, पैसे राहू द्या. तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच पोरीला सांगा. ती स्वतःला दोष देतीय."

दुकानात चार गिऱ्हाईकं उभी. शेठनी त्यांच्याकडे बघितलं आणि पोरीपुढं एक माउस ठेवला. "हा फुकट घे." मृणालनं तो तिथंच ठेवला आणि बाहेर आली.

मग ती तंत्रनिकेतनातल्या प्रयोगशाळेत माने बाईंकडे गेली. बाईंनी बोर्ड हातात घेतला. "मला या बोर्डाचं नक्की माहीत नाही गं. थांब, बघते." कंपनीची यादी उघडली. दहा मिनिटं! दहा मिनिटांत कळलं, की त्या बोर्डाच्याच काळातला एक वापरलेला प्रोसेसर तिच्या जुन्या बोर्डावर छान चालला असता. निम्म्या पैशात. आता मात्र नवा बोर्ड हवा, त्याला जुळणारी रॅम हवी, वीजपुरवठ्याचा डबाही मोठा हवा.

एवढे पैसे कुठले? चौघीच खेळल्या आणि संघ पहिल्याच फेरीत हरला. मृणाल बाहेर बसून बघत होती.

त्या देवडेशेठना अडाणी म्हणून मी बोल लावत नाही. 'बघून सांगतो' म्हणायला त्यांची जीभ झिजली असती काय? चारचौघांत मान खाली जाईल म्हणून एका लेकराची वर्षभराची मेहनत मोडायची, वर दोषही तिच्यावरच टाकायचा — आणि संध्याकाळी आरतीला सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं!

आणि तुम्ही माना काय डोलावताय? ठाऊक नसलेलं औषध शेजाऱ्याला कोणी सांगितलं? न बघितलेल्या घरात भाचीचं लग्न कोणी जुळवलं? मीसुद्धा या गादीवरून न वाचलेल्या ग्रंथाचा अर्थ सांगितलाय. ज्यांना सांगितला, त्यांच्या दारात उद्या जाणार आहे.

आता नाव घेऊ. पण तुमच्यातल्या कोणाला अशा एखाद्या दारात जाऊन 'मला माहीत नव्हतं, मी उगाच सांगितलं' म्हणायचं असेल, तर आत्ता उठा. प्रसाद चुकला तरी चालेल. देव वाट बघेल. त्या माणसांनी पुष्कळ वाट बघितलीय.