वाचून दाखवले, समजले

आयुष्यभर लोकांना "थोडक्यात सांगा" म्हणत आलेले आणि आज माझ्या तावडीत सापडलेले आदरणीय अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश साहेब. व्यासपीठावर बसलेले माझ्या पहिल्या वकिली ऑफिसचे मोठे साहेब. आपल्या मोफत कायदा केंद्राच्या प्रमुख मॅडम. वकील मंडळी, कारकून मंडळी. आणि पुढच्या दोन रांगांत बसलेल्या, यंदा केंद्रात शिकून बाहेर पडणाऱ्या माझ्या मुलामुलींनो, सगळ्यांना नमस्कार.

मला निरोप द्यायला एवढी माणसं जमली म्हणजे मी जाण्याचा आनंद बऱ्याच जणांना झालेला दिसतोय. आमचे हे असते तर म्हणाले असते, "हिच्या हातात माईक दिलाय, आता जेवणाचं काही खरं नाही." ते गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मी मोठ्या साहेबांच्या ऑफिसात लागले. शिक्षण गावच्या शाळेतलं, दहावी. पण अक्षर बरं, आणि जीभ लांब. पुढे त्यांनीच मला परीक्षा द्यायला लावली आणि मी पॅरालीगल झाले. म्हणजे वकील नाही, शिपाई नाही, मधलं काहीतरी. माझ्या सासूबाई शेजारपाजारी सांगायच्या, "सून कोर्टात असते." लोक विचारायचे, "अरे रे, सुटणार कधी?"

हसा, हसून घ्या. पुढे फारसं हसायचं नाहीये.

मगाशी मानपत्र वाचलं. त्यात लिहिलंय की मी मोठ्या ऑफिसातली मानाची खुर्ची सोडून, गोरगरिबांच्या कळवळ्यानं, घराबाहेर काढलेल्यांचं टेबल निवडलं. मॅडम, मजकूर फार छान. अक्षरही छान. पण ते खोटं आहे. कळवळा वगैरे काही नव्हता. मी तिथून पळाले.

या मुलांच्या हातात आज एक फॉर्म आहे. कुठल्या ऑफिसात जाणार, कुठल्या प्रकारचं काम घेणार, ते संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचंय. मॅडम मला म्हणाल्या, "काकू, आपल्या टेबलाला कुणी नाव टाकत नाही. दोन शब्द गोड बोला." गोड कसं बोलू? मी हे टेबल कसं निवडलं तेच सांगते. मग तुमचं तुम्ही ठरवा.

मोठ्या साहेबांकडे मी मालमत्तेच्या कागदांवर होते. थंडगार खोली, फिरती खुर्ची, दाराला काच. सही न येणाऱ्या माणसाचा कागद असला की खाली एक शिक्का लागतो, 'वाचून दाखवले, समजले'. त्याखाली त्या माणसाचा अंगठा आणि वाचून दाखवणाऱ्याची, म्हणजे माझी सही. आता गर्दीत कागद वाचा, शिक्का शोधा, शाई पुसा, कोण करणार? मी एक युक्ती काढली. सकाळी आल्या आल्या सगळ्या कागदांवर शिक्के मारून ठेवायचे. माणूस यायच्या आधीच त्याला समजलेलं असायचं!

साहेबांनी त्या वर्षी माझं कौतुक केलं होतं. आठवतंय ना साहेब?

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक भाऊ आपल्या बहिणीला घेऊन आला. ती एका वसतिगृहात भांडी घासायची. नवऱ्यानं टाकलेली, आईजवळ राहणारी. कागद होता हक्कसोडीचा. आईबापाच्या दोन खोल्यांतला माझा वाटा मी सोडला, असा. भावानं तिला सांगून आणलं होतं की आईला दवाखान्यात ठेवायचंय, त्याचा कागद आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कसं असणार? मी विचारलंच नाही.

पण तिनं विचारलं. शाईच्या डबीवर अंगठा टेकवला, उचलला, आणि मला म्हणाली, "ताई, यात काय लिहिलंय?"

आणि मी, जिची जीभ लांब, मी म्हणाले, "तुमचं लग्न ठरवलंय भावानं. नवरा चांगला पगारदार आहे, टाका अंगठा!"

सगळी खोली हसली. तीही लाजून हसली. भाऊ सगळ्यात जास्त वेळ हसत होता. हसता हसता तिनं अंगठा टेकवला, मी सही केली, आणि हाक मारली, "पुढचे कोण?"

चार महिन्यांनी भावानं तिला बाहेर काढलं. आई आत, ही जिन्यात. पुढे आई त्याच घरात वारली, तर हिला तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. कागद दाखवला तिला. तुझा काय संबंध, म्हणे.

तिनं दावा लावला. कोर्टात मला बोलावलं. आदल्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी मला खोटं बोल असं सांगितलं नाही हो. साहेब इतके कच्चे नाहीत. ते फक्त म्हणाले, "शिक्का आहे ना? मग वाचून दाखवलं."

साहेब, पाणी घ्या जरा. ग्लास तुमच्या उजव्या हाताला आहे.

घरी सासूबाई अंथरुणाला, मुलगी शिकायची. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण तर प्रत्येकाकडे असतं, त्या भावाकडेही असेल. मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली आणि म्हणाले, "हो, पूर्ण मजकूर वाचून दाखवला. त्यांनी काहीही विचारलं नाही."

ती समोरच बसली होती. नुसती बघत होती, एखादी ओळखीची बाई आपल्याला रस्त्यात ओळख देत नाही तेव्हा बघतात तशी.

ती हरली. निकालात लिहिलं की बाईंनी मजकूर विचारण्याची साधी काळजीही घेतली नाही. अध्यक्ष महोदय, निकाल तुमचा नव्हता, निवांत बसा. त्यानंतर दोन महिन्यांनी मी इथं अर्ज केला. घराबाहेर काढलेल्यांचं टेबल रिकामं होतं, ते मागून घेतलं. लोकांना वाटलं, काय मन आहे बाईचं! आणि मी लोकांना वाटू दिलं. साडेआठ वर्षं.

तिचं अपील इतकी वर्षं पडून होतं. सोमवारी त्याची तारीख लागलीय. गेल्या महिन्यात मी तिला शोधत गेले. वसतिगृहाच्या मागे मोठ्या पातेल्यात अर्धी वाकून घासत होती. मी सगळं बोलले. मी कोर्टात खरं सांगते, लिहून देते, म्हणाले. तिनं पातेलं पालथं घातलं आणि विचारलं, "मग तेव्हा काय झालं होतं तुमच्या जिभेला?"



प्रतिज्ञापत्र तयार केलं. तिथंच पायरीवर बसून तिला वाचून दाखवलं. पहिली ओळ ते शेवटची. तिनं तीनदा वाचायला लावलं. मी लिहिलं होतं, 'मजकूर वाचून न दाखवता मी विनोद केला.' तिथं तिनं मला थांबवलं.

"ते विनोदाचं राहू दे. माझं लिहा. मी विचारलं होतं."

मी म्हटलं, "ते त्यातच आलं की."

"नाही आलं. नऊ वर्षं जो तो मला म्हणतोय, विचारायला काय झालं होतं तुला. वकील म्हणाला, मावशी म्हणाली, जज्ज म्हणाले. ताई, मी विचारलं होतं. ते लिहा."

ते लिहिलं. पहिल्या ओळीत लिहिलं. काल ते कोर्टात दाखल झालं. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल माझ्यावर काय व्हायचं ते होईल. मॅडमना आज सकाळी सांगितलं, तर म्हणाल्या, "काकू, समारंभ होऊन जाऊ द्या ना." मॅडम, समारंभानंतर खुर्च्या उचलणाऱ्यांना सांगू का? घर तिला मिळेल की नाही, ठाऊक नाही. माझी एकदा शपथेवर फिरलेली जीभ, कोर्ट तिच्यावर आता कशाला विश्वास ठेवेल? तिला मी आज बोलावलं होतं. म्हणाली, "टाळ्या वाजवायला येऊ? सोमवारी येते. तिथं बोला, मी ऐकते."

तर मुलांनो, फॉर्म भरायच्या आधी त्या ऑफिसात जाऊन अर्धा तास बाकड्यावर बसा. खुर्ची फिरते का ते बघू नका. कुणी काही विचारलं तर काम थांबतं की नाही, एवढंच बघा. थांबत नसेल तर तिथं तुम्ही माझ्यासारखे हुशार व्हाल, आणि तुमचं कौतुकही होईल. आमच्या टेबलावर खूप विचारतात. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. उत्तरं बहुतेक वाईटच द्यावी लागतात. तरी द्यावी लागतात.

आपण माझा मान केलात, इतका वेळ ऐकून घेतलंत, मॅडमनी मध्ये माईक बंद केला नाही, सगळ्यांचे मनापासून आभार. मानपत्र मी टेबलावरच ठेवून जातेय. बोलताना कुणाची थट्टा जास्त झाली असेल, कुठं शब्द चुकला असेल, तर ते पोटात घाला. ती दुसरी चूक मात्र घालू नका. ती नऊ वर्षं माझ्या पोटात होती, तिथं ती जिरत नाही.

बसते मी.