टॅबमध्ये कोण घोरतंय?

टॅब दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक बाबा आणि त्यांची शाळकरी मुलगी उभी होती. काउंटरपलीकडे दुरुस्तीवाल्या ताई.

"ताई, ह्या टॅबला बोट लावलं की पाच मिनिटांनी जाग येते. हिने गेम ठासून भरलेत."

"एकही गेम नाहीये, बाबा!"

"बघते. गेम नाहीत खरंच. पण जागाच उरली नाही. चाळीस रेकॉर्डिंग आहेत, तासतासभराची."

"कसली? लावा बरं एखादं."

"अगंबाई! ट्रॅक्टर आहे की काय हा?"

"ट्रॅक्टर नाही, ताई. बाबाची दुपारची झोप आहे."

"काहीतरीच! मी घोरत नाही. हिच्या आईला विचारा."

"आईनेच तर मला रेकॉर्ड करायला सांगितलं."

"उडवा, ताई. सगळी उडवा. आत्ताच्या आत्ता!"

"नको ना! उद्या माझा विज्ञानाचा प्रकल्प आहे, 'घरातले आवाज'. ही गेली तर मला भोपळा मिळेल."

"मग काय करू, साहेब?"

"दुसरीकडे कुठे ठेवता येतील का? कार्डावर वगैरे?"

"येतील की. सगळी ठेवू?"

"ठेवा. फक्त आत्ता लावलंत ते वगळा. त्यात मधेच शिट्टी वाजते."

"बाबा, आमच्या बाईंना तेच सगळ्यात आवडलं. उद्या त्यांनी तुलापण बोलावलंय."

"मला? मला कशाला?"

"प्रात्यक्षिकाला. उशी मात्र आपली आपण न्यायची."