जग संपल्यावरची तीनशे पानं

नाही, पण मला सांगा, बारा वर्षांच्या मुलीनं जेवता जेवता, जरा मीठ द्या म्हणावं इतक्या सहज, असं विचारावं का, की बाबा, उद्या वीज कायमची गेली, नळ बंद पडले, दुकानं रिकामी झाली, तर आपल्या तिघांत आधी कोण जाईल? आणि विचारून वर माझ्या पोटाकडे बघावं? म्हणजे उत्तर बाईसाहेबांनी आधीच काढून ठेवलेलं... आणि मी काय बोललो? मी म्हणालो, भाजी संपव. बाप म्हणून मला तेवढंच सुचलं.

तर ही आमची ठमी. ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण घरात तेच चालतं. गेले काही महिने ही मुलगी घरात असून नसल्यासारखी. हाक मारली की "हं", जेवायला बोलावलं की "हं", घराला आग लागली म्हटलं असतं तरी "हं" म्हणून पान उलटलं असतं. कारण हातात सदानकदा पुस्तक. आता मूल वाचतं म्हटल्यावर आईबापांनी पेढे... म्हणजे आनंद मानायला हवा की नाही? पण पुस्तकं कसली! मुखपृष्ठावर मोडलेला पूल, राखाडी आभाळ, आणि पाठीला पिशवी लावून पाठमोरं उभं असलेलं एक पोर. एक संपलं की दुसरं. त्यात पूल नसला तर मोडलेला मनोरा. जग बुडालं, जग जळालं, जग गोठलं... लेखकांनी पोरांसाठी जग संपवायची एकही पद्धत शिल्लक ठेवलेली नाही हो.

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही एक वाचून बघा आधी. त्यात असतं काय ते तरी कळू दे." मी म्हटलं, बघतोच. वाचतो, त्यातल्या आक्षेपार्ह गोष्टी काढतो, तिच्यापुढे ठेवतो आणि हा विषय कायमचा बंद करतो. ठरवलं म्हणजे ठरवलं.

आता माझा धंदा म्हणजे गाडी शिकवणं. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, माझ्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक, आणि बाकी सगळा भरवसा. म्हणजे जगाच्या अंताचं मला कुणी कौतुक सांगू नये. मला तो रोज दिसतो, समोरून ट्रकच्या रूपानं येताना, आणि शेजारचा माणूस मला विचारत असतो, "सर, ब्रेक मधला ना?"

तर ठमीच्या ढिगातलं एक पुस्तक मी गाडीत ठेवलं. दोन शिकवण्यांच्या मधे काढलं. धुळीची वादळं सुरू झालीयेत, सूर्य दिसेनासा झालाय, मोठी माणसं पाणी शोधायला गेली ती परतलीच नाहीत, आणि पंधरावीस पोरं एका ओसाड बस डेपोत राहताहेत. म्हटलं, सापडलं! हे काय मुलांना वाचायला देण्यासारखं आहे? पेन्सिल काढली, समासात खूण केली. पुढच्या पानावर त्यातली एक तेरा वर्षांची मुलगी डेपोतली बस चालू करते. कुणी शिकवलेलं नाही, काही नाही, बसते आणि चालू करते. आणि पहिल्या गिअरमधून थेट तिसऱ्यात! अहो, क्लचचा पत्ता नाही! मी भर रस्त्यात, बंद गाडीत, एकटा बसून मोठ्यानं ओरडलो, "क्लच दाब गं बाई, क्लच!" शेजारून जाणारा भाजीवाला दचकून आपल्याच हातगाडीकडे बघायला लागला.

तिथं मी अडकलो. मान्य करतो. आक्षेप शोधायला गेलो आणि बसमध्ये जाऊन बसलो. कारण तुम्हाला सांगतो, ती पोरं रडत बसत नाहीत हो. म्हणजे रडतात, पण रडून झाल्यावर उठतात. कुणी पाण्याची पाळी लावतंय, कुणी फाटके पडदे शिवून तोंडाला बांधायला फडकी करतंय. आणि एक मुलगी लहानग्यांना कोळशानं बसच्या पत्र्यावर अक्षरं गिरवायला लावते. दुसरा विचारतो, जग संपलंय, आता अक्षरं कशाला? तर म्हणते, रस्त्यावरच्या पाट्या कोण वाचणार मग, तू? मला सांगा, याला आता मी आक्षेप काय घेणार? खोडरबर काढलं आणि समासातली खूण पुसली.

इकडे माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ शिकायला येतात, अत्यंत आज्ञाधारक. "सरळ चला" म्हटलं की सरळच. त्या दिवशी मी सरळ चला म्हणालो आणि गुडघ्यावरचं पुस्तक हळूच उघडलं, म्हटलं, एवढं प्रकरण संपवू. मधे मधे ते "सर?" म्हणायचे, मी "सरळ" म्हणायचो. शेवटी गाडी थांबली आणि ते अगदी अदबीनं म्हणाले, "सर, रस्ता संपला." वर बघतो तर खरंच संपलेला! पुढे डबकं, डबक्यात म्हैस, आणि म्हैस आमच्याकडे बघतेय.

बरं, इतकं करून पुस्तक संपतं कुठं? बस पुलावर. पूल मधोमध तडकलेला. त्या मुलीचा पाय ब्रेकवर. आणि खाली छापलंय, पहिला भाग समाप्त. हे काय वागणं झालं? माणसाला असं पुलावर सोडून जायचं?

आता दुसरा भाग कुणाकडे? ठमीकडे. आणि मी घरात जाहीर केलेलं की हे वाचन मी बंद करणार. संध्याकाळभर तिच्या खोलीच्या दारावरून येरझारा घातल्या. एकदा पंख्याचं बटण बघितलं, एकदा खिडकीची कडी तपासली. शेवटी स्वाभिमान बाजूला ठेवला आणि विचारलं, "दुसरा भाग आहे का गं?"

तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं. किती दिवसांनी तिचे डोळे दिसले मला! मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "पानं दुमडायची नाहीत. आणि जेवताना वाचायचं नाही." म्हणजे माझेच नियम मला! म्हटलं, कबूल.

तिथून आमचं सुरू झालं. मी वाचायचो, ती विचारायची, कुठं आलास, आणि मी कुठं आलो ते सांगितलं की गालात हसायची, पुढचं तिला ठाऊक असायचं ना. बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला बंद करायला पाठवलं होतं, तुम्ही तर सभासद होऊन आलात." मी म्हटलं, तपास चालू आहे.

एक दिवस मी तिला सरळच विचारलं, की बाळा, तुला हे असलंच का आवडतं? जगात छान छान गोष्टी आहेत, हसऱ्या गोष्टी आहेत. तिनं पुस्तकात बोट घालून ते मिटलं. मग म्हणाली, "बाबा, सगळी पुस्तकं शेवटी संपतात ना, या पुस्तकांत जग पहिल्याच पानावर संपतं. आणि तरी तीनशे पानं उरलेली असतात. त्या पानांत काय करतात ते मला बघायचं असतं."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. तिची मैत्रीण. पहिलीपासून एका बाकावर बसणारी, शाळेत बरोबर, घरी बरोबर, एकीला ताप आला की दुसरीला कणकण. सुट्टीत तिच्या आईवडिलांची बदली झाली आणि ती गेली, लांब, विमानानं जायच्या अंतरावर. आणि आम्ही मोठी माणसं काय म्हणालो? मिळतील नव्या मैत्रिणी. भाजी संपव. ठमीचं जग संपलेलं होतं हो, आमच्या डोळ्यांदेखत, आणि आम्हाला वाटत होतं की पोरगी पुस्तकांनी बिघडली.

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. म्हणालो, तिसरा भाग कुठे मिळतो?

तिसरा भाग शाळेच्या ग्रंथालयात. गेलो. तर ग्रंथालयाच्या बाई हळू आवाजात, जणू कुणी वारल्याची बातमी सांगावी तशा म्हणाल्या की असल्या पुस्तकांचं कपाट रिकामं केलंय, पालक समितीनं पुस्तकं तपासायला नेलीत, आणि पुढच्या बैठकीत ती कायमची हटवायचं ठरणार. कुणी नेलीत? तर समितीच्या अध्यक्षांनी. अध्यक्ष कोण? दातांच्या डॉक्टर. आणि त्या डॉक्टरीणबाई रोज सकाळी कुठे असतात? माझ्या गाडीत! माझ्याकडे शिकतात हो. मी म्हटलं, झालं, कपाट परत आणायचं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत विषय काढला. आता चूक माझी, कारण गाडी त्यांच्या हातात होती आणि समोर मोठा चौक, मधोमध गोल. बाई वाद घालायला लागल्या की त्यांना वळण दिसत नाही. "सर, मुलांनी उमेद देणारं वाचावं," गोलाला एक फेरी, "हे मरण, ही भूक, ही धूळ, काय शिकणार त्यातून?" आणखी एक फेरी. मी सांगतोय, मॅडम, डावीकडे, तर त्या म्हणतात, "विषय बदलू नका!" चौकातला पोलीस आधी आमच्याकडे संशयानं बघत होता, नंतर ओळखीचं हसायला लागला.

एकदाचे बाहेर पडलो आणि सिग्नलला थांबलो, तेव्हा बाईंचा आवाज खाली आला. म्हणाल्या, त्यांची मुलगी ठमीच्याच शाळेत, एक वर्ष मागे. यातलंच एक पुस्तक तिनं वाचलं आणि तेव्हापासून दिवा बंद करू देत नाही. रोज झोपताना विचारते, आई, असं झालं तर आपण वाचू ना?

मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, असं काही होणारच नाही. झोप."

"आणि झोपते?"

बाईंनी उगाच आरसा नीट केला. मी म्हटलं, मॅडम, माझ्या मुलीनंही मला हेच विचारलं होतं, आणि मी तिला भाजी संपव म्हणालो. तुम्ही झोप म्हणालात. आपण दोघांनीही उत्तर दिलं नाही. पुस्तक निदान तीनशे पानं उत्तर द्यायचा प्रयत्न तरी करतं. आणि मग मी त्यांना ठमीचं ते बोलणं सांगितलं, त्या मैत्रिणीचंही, आणि पुलावर अडकलेल्या बसचंही.

सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. मागे ही भोंग्यांची रांग. एरवी बाई अशा वेळी घाबरून स्टेअरिंगच सोडतात. त्या दिवशी स्वस्थ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या पुलावरच्या बसचं काय झालं?"

"दुसरा भाग वाचा," मी म्हणालो. "आधी क्लच दाबा."

समितीच्या त्या बैठकीत मी भाषण पाठ करून गेलो होतो. बालमन, साहित्य, जडणघडण, सगळे भारदस्त शब्द. उभा राहिलो आणि डोकं कोरं. समोर सगळे पालक, मागे बायको, तोंडावर पदर... ओढणी धरून. शेवटी म्हणालो की मी गाडी शिकवतो. रस्ता नेहमी चांगलाच असणार असं मी कुणाला शिकवत नाही, रस्ता खराब लागला तर काय करायचं ते शिकवतो, आणि एक जास्तीचा ब्रेक माझ्या पायाशी असतो म्हणून माणसं शिकतात. मुलांना ही पुस्तकं वाचू द्या, फक्त शेजारच्या सीटवर आपण बसू या. त्यांच्याबरोबर वाचू. एवढं बोललो आणि खाली बसलो, कारण पुढे काही येत नव्हतं.

एक आजोबा म्हणाले, पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. कुणीतरी जांभई दिली. मला वाटलं, गेलं कपाट. तेवढ्यात डॉक्टरीणबाई उठल्या आणि म्हणाल्या की तपासणीचं काम अजून पुरं झालेलं नाही, त्या दुसऱ्या भागाच्या मध्यावर आहेत, मुलगी शेजारी बसून ऐकते, आणि दिवा परवा तिनं स्वतःच बंद केला. पुस्तकं सोमवारी कपाटात परत जातील. खाली बसता बसता माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "तो पूल पडतो हो, सर." मी कानांवर हात ठेवले. मला ठाऊक होतं ते, पण ही काय पद्धत झाली?

तर पुस्तकं आली. तिसरा भाग आला, ठमीनं वाचला, मग मी वाचला, आणि काय शेवट आहे, तुम्हाला सांगतो! वाचून झाल्यावर मी तसाच गाडीत बसून राहिलो. कधी एकदा ठमीशी बोलतो असं झालं. धावत घरी आलो तर खोलीचं दार बंद. आत ठमी आणि डॉक्टरीणबाईंची ती मुलगी. बस कुठल्या रस्त्यानं न्यायला हवी होती यावर दोघींची जोरात जुंपलेली, आणि मधेच खदखदून हसणं. किती महिन्यांनी ऐकलं मी ते हसणं. बाहेर उभा राहून ऐकत होतो. मग दार वाजवलं, म्हटलं, मलाही त्या शेवटाबद्दल जरा बोलायचं होतं. आतून आवाज आला, "बाबा, नंतर!"

ते नंतर अजून आलेलं नाही. रोज दोघी आत, मी बाहेर. बायकोला सांगायला गेलो तर म्हणते, शेवट सांगितलात तर याद राखा, मी आत्ता कुठे डेपोत पोचलेय. गाडीत सांगावं तर शिकणारे भलतीकडे वळतात. ग्रंथालयाच्या बाई मला बघून पुस्तकांच्या मागे लपतात. माणसानं करायचं काय? बोलायचं तर आहे. ठरवलं म्हणजे ठरवलं. म्हणून तर तुम्हाला धरून बसवलंय... अहो, उठताय कुठे? बसा. दार मी लावून घेतलंय.