कंडक्टरची रजा

तुम्ही आता मोबाइलवर रजा मागता, पण आमच्या जालन्याच्या बियाणे कंपनीत हजेरीचं सॉफ्टवेअर आल्तं तेव्हाची गंमत ऐका. त्यात नियम भरायचं काम माझ्याकडं होतं. मी घातलं, आठच्या पुढं कार्ड लावलं की अर्धा दिवस खाडा. अंबडची एसटी आठच्या आत कधी येते? पहिल्याच दिवशी त्या गाडीच्या समद्यांचा खाडा पडला. अन् त्याच गाडीत मीही होतो!

दुसऱ्या दिवशी कंडक्टर गणपतराव भरली गाडी गेटवर उभी करून थेट मॅनेजरसाहेबांकडं घुसले. "साहेब, उशीर माझ्या गाडीला झाला. या लेकरांचा खाडा कामून लावून राह्यले?"

साहेब मला म्हणाले, "बराबर आहे. उशिराची परवानगी देणारे म्हणून यांचंच नाव टाक."

पण परवानगी देणारा कंपनीचाच माणूस लागायचा. मंग मी गणपतरावांना कामगार म्हणून भरून टाकलं. गाडीला उशीर झाला की त्यांच्या नावानं परवानगी पडायची, अन् पुन्हा कोणाचा खाडा पडला न्हाई.

महिनाअखेरी रिपोर्ट निघाला, तर कधी कार्डच न लावलेले गणपतराव महिनाभर गैरहजर! साहेब म्हणाले, "आपल्या गेटवर न चुकता येणारा हा एकच माणूस, अन् मशीन त्यालाच गैरहजर म्हणून राह्यलं?"

दिवाळीला कामगारांच्या मिठाईतला एक डबा साहेबांनी गाडीत पाठवला. गणपतराव डबा घेत म्हणाले, "मी तुमचा कामगार झालो, तर मंग माझी रजा कोण मंजूर करणार?"

अख्खी गाडी ओरडली, "कोणीच न्हाई!"